पटकीचे विष

पटकीच्या जंतूवर रॉबर्ट कॉख याने १८८४ साली कलकत्त्यास शिक्कामोर्तब केले. हा जंतू विष निर्माण करीत असावा, हा तर्कही त्याचाच. परंतु पुढे पाऊणशे वर्षे ते विष कोणाच्या हाती लागले नाही. बहुतेक संशोधक ते जनावरांच्या अंगात टोचून पाहत राहिले. रोग तर आतड्याचा!

शंभुनाथ डे यांनी कलकत्त्यातच सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्ही टोकांस बांधला आणि जंतू गाळून काढलेला द्राव त्यात सोडला. तुकडा पाण्याने टम्म फुगला. जंतू नव्हता, तरी रोगाचे कार्य झाले. हा निबंध १९५९ साली ‘नेचर’मध्ये आला. त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेतील दत्त, पानसे व कुलकर्णी यांनीही सशाच्या पिलांवर प्रयोग करून विषाचाच पुरावा दिला, हे आम्हां मराठी वाचकांस सहसा ठाऊक नसते.

विषाचा एक भाग पेशीच्या आवरणास चिकटतो. दुसरा आत शिरून आवरणालगतचे एक प्रथिन सतत जागे ठेवतो. मग क्षार बाहेर पडतात, त्यांच्यामागून पाणी.

डे १९८५ साली निवर्तले. नोबेल परिसंवादाचे निमंत्रण त्यांना १९७८ मध्ये परदेशातून आले होते. देशातील एकाही विज्ञान अकादमीने मात्र त्यांस सदस्य करून घेतले नाही.