पासिंग कुठलं?

हायवेवर चहाला थांबलं की शेजारच्या ट्रकचा ड्रायव्हर आधी आपल्या गाडीची पाटी बघतो आणि मग आपल्याकडे. ‘सातारा पासिंग?’ एवढं विचारून तो बोलायला सुरुवात करतो. माझी स्कूटर सातारा पासिंगची आहे. वडिलांनी ती २००६ साली साताऱ्यात घेतली. गेली कित्येक वर्षं ती पुण्यात फिरते, आरसी बुकात पत्ताही पुण्याचा लागला आहे, पण नंबर एमएच-११ तो एमएच-११च. एका राज्यात घर कितीदाही बदला, गाडीचा नंबर बदलत नाही.

‘पासिंग’ हा शब्द मूळचा इंग्रजी असला तरी या अर्थानं तो आपल्याच रस्त्यांवर घडला. इन्स्पेक्टरनं गाडी तपासायची, कागदावरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून बघायचा आणि गाडी पास करायची, ते पासिंग. ट्रक-टेम्पोवाल्यांना फिटनेससाठी पुन्हा पुन्हा जावं लागतं, तेही पासिंगच. ‘गाडी पासिंगला लागलीय’ म्हणजे दिवस गेला! पण गाडी ज्या कार्यालयात पास झाली त्या गावाचा नंबर तिला मिळतो, म्हणून बोलता बोलता परीक्षेचा शब्द गावाचा झाला. ‘पासिंग कुठलं?’ याचा अर्थ आज सरळ ‘गाव कुठलं?’ असा आहे.

पाटीचा जन्म झाला तेव्हा गाव विचारायची गरजच नव्हती. १४ ऑगस्ट १८९३ ला पॅरिसच्या पोलिसप्रमुखांनी, लुई लेपीन यांनी, हुकूम काढला की प्रत्येक मोटारगाडीवर धातूची पाटी हवी. तिच्यावर मालकाचं नाव, त्याचा पत्ता आणि परवान्याचा क्रमांक वाचता येईल असा लिहायचा, आणि ती पाटी कधीही झाकायची नाही. गाडी धक्का देऊन निघून गेली तर मालकाचं घर शोधता यावं, इतका साधा हेतू. गाड्या वाढल्या, वेगही वाढला. धावत्या गाडीवरचं नाव-पत्ता कोण वाचणार? ब्रिटनमध्ये १ जानेवारी १९०४ पासून नंबर सक्तीचे झाले तेव्हा पाटीवर अक्षरं आणि आकडे एवढंच उरलं. नाव-पत्ता सरकारी वहीत गेला.

आपल्याकडे मोटारगाड्यांचा पहिला देशभराचा कायदा १९१४ चा, दुसरा १९३९ चा. त्या दुसऱ्या कायद्यानं प्रांतांना अक्षरं वाटून दिली. मुंबई प्रांताच्या पाट्या ‘बीएम’नं सुरू होत. पुढे महाराष्ट्र झाल्यावर ‘एम’नं सुरू होणारी तीन अक्षरं आणि चार आकडे आले. काळ्या पाटीवर पांढऱ्या रंगात पेंटरनं ब्रशनं काढलेले ते नंबर मला अजून आठवतात. पेंटर आधी खडूनं दोन बारीक रेघा ओढायचा आणि त्यांच्यामध्ये आकडे बसवायचा. पण त्या तीन अक्षरांवरून गाडी कुठल्या जिल्ह्याची, हे जाणत्यालाच कळे.

गाव पाटीवर उघडपणे आलं ते १९८९ मध्ये. नवा मोटार वाहन कायदा त्या वर्षी १ जुलैला लागू झाला, आणि राज्याची दोन अक्षरं व त्यापुढे कार्यालयाचा क्रमांक अशी रचना देशभर आली. आपले क्रमांक ओळीनं म्हटले तर महाराष्ट्राची एक सहल होते. मुंबईचे एक, दोन, तीन. चारला ठाणे, पाचला कल्याण, सहाला पेण. तिथून एकदम सिंधुदुर्ग, मागे फिरून रत्नागिरी. मग घाट चढायचा: नऊ कोल्हापूर, दहा सांगली, अकरा सातारा, बारा पुणे. पंधराला नाशिक, एकोणीसला जळगाव, मग मराठवाडा उतरत सव्वीसला नांदेड, आणि सत्तावीसच्या अमरावतीपासून विदर्भ. ज्यानं हा क्रम लावला त्यानं समोर नकाशा ठेवला असणार आणि त्यावरून बोट फिरवलं असणार, असं मला नेहमी वाटतं. पुढे १९९८-९९ मध्ये नवे जिल्हे झाले, त्यांना उरलेले क्रमांक मिळाले. म्हणून धुळ्यातून निघालेला नंदुरबार अठरापासून दूर, एकोणचाळीसवर आहे आणि अकोल्यातून निघालेला वाशीम सदतीसवर. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव, अहमदनगरचं अहिल्यानगर. वीस, पंचवीस आणि सोळा मात्र जागचे हलले नाहीत.

लोकांनी या आकड्यांना जीव लावला. श्रीरामपूर, बारामती, अकलूज यांना स्वतःचा क्रमांक मिळाला, त्याचा तिथल्या माणसांना अभिमान वाटतो, आणि तो मला अगदी रास्त वाटतो. बेळगावचा मराठी माणूस पुण्यात ‘केए-२२’ दिसली की वळून बघतो. इंग्रजी आकड्यांतल्या चार-एक-चार-एकला वळण देऊन ‘दादा’ लिहिणारे आणि दोन-एक-चारचा ‘राम’ करणारेही याच मायेपोटी ते करतात. तरी ते चूकच आहे. अपघात झाला तर जखमीच्या बाजूनं बोलणारा तो नंबर एकच साक्षीदार असतो, तो वाचता आलाच पाहिजे.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. स्कूटरचं नूतनीकरण केलं तेव्हा फॉर्म २५ बरोबर चेसिसची पेन्सिल प्रिंट लागली. चौकटीवरचं वंगण रॉकेलच्या बोळ्यानं पुसलं, पातळ कागद दाबून धरला आणि शिसं आडवं घासलं. करड्या रंगातून एकेक आकडा पांढरा उमटत गेला. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून आम्ही हेच करायचो. पाटी उद्या कोणी बदलेल, पण लोखंडात ठोकलेला हा नंबर म्हणजे गाडीचं खरं नाव, आणि सगळी नोंदणी अखेर त्याच्यावरच टेकलेली असते.

पाट्या बदलून चोरीच्या गाड्या पचवल्या जातात, म्हणून उच्च सुरक्षा पाटीचा नियम २००१ मध्येच झाला. नव्या गाड्यांना ती १ एप्रिल २०१९ पासून सक्तीची झाली, मग जुन्यांनाही. जुन्या गाड्यांसाठी महाराष्ट्रात २०२५ मध्ये मुदत पुन्हा पुन्हा वाढवावी लागली. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर अशोकचक्राचा होलोग्राम, त्याखाली निळ्या रंगात देशाची तीन अक्षरं, डाव्या कोपऱ्यात लेझरनं कोरलेला बारीक क्रमांक. खिळेही असे की एकदा बसले की तोडल्याशिवाय निघत नाहीत. शिवाय २०२१ पासून बदलीच्या नोकरीवाल्यांसाठी ‘बीएच’ मालिका आली. तिच्यात आधी नोंदणीचं वर्ष येतं आणि राज्य किंवा गाव नसतंच. दुसऱ्या राज्यातल्या दर बदलीला नवा नंबर आणि नवा कर, हा त्यांचा मोठा त्रास त्यामुळे टळला. ती सोय हवीच होती. तरीही अशी गाडी पुढे दिसली की हिला कुठलं म्हणायचं, या विचारानं मला थोडं चुकल्यासारखं होतं.

माझी नवी पाटी बसवायला एक विशीतला मुलगा होता. त्यानं वडिलांच्या वेळची पाटी काढली, नवीवरचा नंबर फोनमधल्या नोंदीशी ताडला, खिळा दाबला. टक् असा आवाज झाला. पाटीवरून बोट फिरवत तो म्हणाला, ‘अकरा. साताऱ्यात कुठं, काका?’

‘वाईजवळ,’ मी म्हणालो.

‘आमचं आजोळ भुईंज,’ तो म्हणाला, आणि दुसरा खिळा शोधायला लागला.