तसबिरीतली लक्ष्मी

देव्हाऱ्यातला टाक हातात घेऊन पाहा. चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेला खंडोबा: घोडा कळतो, खड्ग कळतं, चेहरा जेमतेम. पिढ्यान् पिढ्यांच्या अभिषेकाने नाकडोळे झिजले तरी कुणाचं अडत नाही, कारण कुळाचा देव नावावरून आणि वारशावरून ओळखायचा असतो.

भिंतीवरच्या लक्ष्मीचं कूळ निराळं. तिचं माहेर छापखाना. पुण्याची चित्रशाळा १८७८ पासून शिळाछापावर चित्रं काढत होतीच. पण कमळात उभी राहिलेली, साडी नेसलेली, चेहऱ्याने एखाद्या घरंदाज बाईसारखी दिसणारी लक्ष्मी घरोघर पोचवली ती राजा रविवर्म्याने. त्याची तैलचित्रं संस्थानिकांच्या महालांत अडकून होती. ती छापून लोकांपर्यंत न्यावीत, असं तंजावरच्या मराठी घराण्यातून आलेले दिवाण सर टी. माधवराव यांनी सुचवलं होतं. १८९४ मध्ये गिरगावात छापखाना उभा राहिला. यंत्रं आणि तंत्रज्ञ जर्मनीचे. प्रत्येक रंगाची शिळा वेगळी. एकाच कागदावर रंगामागून रंग चढायचे आणि कणभर सरकलं तरी देवीचे ओठ गालावर जायचे. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, मग विकलाही गेला, पण छपाई थांबली नाही.

माझ्या मते या कागदाने फार मोठं काम केलं. नाशिकच्या काळाराम मंदिरात प्रवेश मिळावा म्हणून दलितांना १९३० साली सत्याग्रह करावा लागला. पंढरीचा विठोबा सर्वांना खुला झाला तो १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. तसबीर मात्र जात विचारत नव्हती. चार पैसे जोडून आणली की देव घरात. कित्येक घरांतल्या बायकांनी तर छापील देवीच्या साडीवर खरं कापड, जर आणि टिकल्या शिवून तिला आपल्या हाताने नटवलं.

याच चित्राने एक नुकसानही केलं, आणि ते मला सलतं. आपल्या गावोगावच्या देवी मुळात तांदळा: शेंदूर लावलेला, हातपाय नसलेला दगड. आता जत्रेच्या फ्लेक्सवर त्याच देवीला चार हात, मुकुट आणि गोरा, गोल चेहरा मिळतो. मरीआई कोणती आणि लक्ष्मी कोणती, हे खाली लिहिलेलं नाव वाचूनच कळतं.