जुन्या गाडीचा स्टार्टर : काही सेकंदांच्या कामाचे यंत्र

1910 च्या सुमारास मोटार सुरू करायची म्हणजे गाडीपुढे उभे राहून हँडल मारायचे. इंजिनाने उलटा झटका दिला, तर मनगट मोडायचे. विजेची मोटर लावण्याची कल्पना नवी नव्हती, पण सतत चालेल अशी मोटर आणि तिला पुरेल अशी बॅटरी गाडीत मावत नव्हती. अमेरिकेत डेटन येथे चार्ल्स केटरिंग यांनी प्रश्नच वेगळा मांडला. नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत त्यांनी गल्ल्याच्या यंत्राला मोटर बसवली होती. तिला क्षणभर जोर लावायचा असे, मग विश्रांती. स्टार्टरचेही काम तेच! तापायला वेळच मिळणार नसेल, तर लहान मोटरवर कुवतीच्या कितीतरी पट भार टाकता येतो. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये हा स्टार्टर आला.

आता 1950 च्या दशकातल्या मॉरिस मायनरचा लूकास स्टार्टर उघडा. जाड तांब्याचे मोजके वेढे दिसतील. फील्ड आणि आर्मेचर एकसर जोडलेले असतात. मोटर थांबलेली असताना बॅक ईएमएफ शून्य असतो, म्हणून प्रवाह सर्वाधिक. तोच प्रवाह चुंबकक्षेत्रही वाढवतो. टॉर्क सर्वांत जास्त मिळतो तो सुरुवातीलाच.

दुरुस्तीत पुष्कळांचा हात इथे चुकतो. डायनामोच्या कम्युटेटरमधले अभ्रक खरवडून खाली घेतात, म्हणून स्टार्टरचेही घेतात. लूकासच्या सूचनेनुसार या स्टार्टरचे अभ्रक खरवडायचे नाही. नवा सच्छिद्र ब्राँझचा बुश बसवण्याआधी दिवसभर इंजिन ऑइलमध्ये भिजत ठेवा. बुश झिजला की आर्मेचर ध्रुवांना घासते.

मोटर नुसतीच गरगरते आणि इंजिन फिरत नाही, अशी तक्रार असेल तर आधी पिनियन पाहा. आट्यांवरून जडत्वाने सरकून तो फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकतो. तिथे ग्रीस लावले तर क्लचची धूळ चिकटते आणि पिनियन जागचा हलत नाही. रॉकेलने धुऊन कोरडे करा; एवढ्यावरच अनेक स्टार्टर चालू होतात.

रिवाइंडिंगची घाई करू नका. वेढ्यांना जळका वास येत असेल, कम्युटेटरजवळचे डाख वितळून उडालेले असतील, तर मात्र कोणीतरी बटण फार वेळ दाबून धरले होते असे समजा आणि आर्मेचर वाइंडरकडे द्या.