लखनौहून निघालेला एक निरोप

लखनौस बदलून आलेल्या मराठी कुटुंबास इमामबाडा, रेसिडेन्सी आणि चिकनकाम यांची ओळख पहिल्याच महिन्यात होते. डफरिन इस्पितळाची ओळख घरात बाळंतपण निघाले म्हणजे होते. या नावामागील इतिहासाचा आरंभ याच शहरात झाला, आणि त्याचे धागे पुण्या-कोल्हापुरापर्यंत जाऊन पोहोचतात. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने तो वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकात एलिझाबेथ बीलबी नावाची इंग्रज मिशनरी बाई लखनौच्या जनान्यांतून औषधपाणी करीत असे. वैद्यकाचे थोडेफार शिक्षण तिला मिळाले होते, पदवी नव्हती. १८८१ साली बुंदेलखंडातील पन्ना संस्थानच्या महाराणीने तिला उपचारासाठी बोलावून घेतले. राणी बरी झाली. बीलबीबाई इंग्लंडास जाणार असे समजताच राणीने तिच्याजवळ एक निरोप दिला: हिंदुस्थानातील स्त्रिया आजारीपणात किती यातना सोसतात ते आमच्या वतीने विलायतच्या राणीस सांगा. निरोप लहान अक्षरांत लिहावा, तो लॉकेटमध्ये ठेवावा आणि स्वहस्ते द्यावा, असे तिने बजावले. त्याच वर्षी १३ जुलै रोजी व्हिक्टोरिया राणीने बीलबीबाईस भेट दिली. पुढे लॉर्ड डफरिन व्हाइसरॉय होऊन निघाले तेव्हा राणीने हे काम लेडी डफरिन यांच्यावर सोपविले आणि ऑगस्ट १८८५ मध्ये डफरिन फंड स्थापन झाला. स्त्री डॉक्टर, परिचारिका व सुईणी शिकवून तयार करणे आणि स्त्रियांसाठी दवाखाने उघडणे हा त्याचा हेतू.

महाराणीचे दुखणे मोठ्या डॉक्टरास बरे करता आले नसते असे नव्हे. तो पुरुष असल्यामुळे पडद्यापाशीच थांबला असता. मिशनच्या बायकांना पडद्याआड प्रवेश होता. परंतु तेथे औषधाबरोबर धर्मोपदेशही येई आणि घरातील वडीलधारी मंडळी साशंक होत. म्हणूनच फंडाच्या दवाखान्यांतून धर्मप्रसार करू नये असा दंडक घालण्यात आला. पडदा सांभाळून उपचार करणे म्हणजे पडद्यासच बळकटी देणे नव्हे काय, असा आक्षेप घेता येईल. आमच्या मते समाज सुधारेपर्यंत बाळंतिणीस थांबवून ठेवता येत नाही.

आपल्या महाराष्ट्रात उत्तरेसारखा पडदा नव्हता. तरीही पुरुष डॉक्टरापुढे स्त्रियांची जीभ अडखळेच. १८८२ साली पुण्यास हंटर आयोगापुढे साक्ष देताना पंडिता रमाबाईंनी स्त्री डॉक्टरांची निकड आग्रहाने मांडली. पन्नाच्या निरोपास तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. त्याच सुमारास आनंदीबाई जोशी अमेरिकेस जाण्याच्या तयारीत होत्या. चौदाव्या वर्षी झालेले मूल दहा दिवसांत गेल्याचे दुःख त्यांच्या मनात होते. फिलाडेल्फियाच्या थंडीत त्यांनी साडी सोडली नाही व शाकाहारही सोडला नाही. पदवीच्या प्रबंधासाठी त्यांनी आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा विषय घेतला. म्हणजे पाश्चात्त्य विद्या घेताना आपल्या माजघरातील बाळंतिणीची खोली त्यांनी दृष्टीआड होऊ दिली नाही. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागावर त्यांची नेमणूक झाली. पण कामावर रुजू होण्यापूर्वीच २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. वय बावीसही पुरे नव्हते.

डॉक्टरपेक्षाही परिचारिका मिळणे कठीण होते. परक्याच्या अंगास हात लावणे, मलमूत्र काढणे ही कामे सोवळ्याओवळ्याच्या घरातील स्त्रीने कशी करावी? आरंभी या शिक्षणास पुढे आलेल्या मुली बहुतांशी ख्रिस्ती व अँग्लो-इंडियन होत्या, आणि हिंदू रुग्णास त्यांच्या हातचे पाणी चालत नसे. १९०९ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली ही कोंडी फोडण्याचा यत्न केला. ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेणाऱ्या स्त्रियांच्या राहण्याची सोय संस्थेने केली. ही सोय वरवर पाहता किरकोळ वाटते. परंतु शिकाऊ विधवेच्या जेवणाची व निवाऱ्याची काळजी वाहिल्यावाचून ती घराबाहेर पडली नसती, आणि ती बाहेर पडली नसती तर तिच्यासारख्याच घरातील रुग्ण बाई इस्पितळाची पायरी चढली नसती.

आज लखनौच्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात केरळच्या परिचारिका, बंगाली डॉक्टर आणि अवधी बोलणारे सेवक एकाच कक्षात काम करताना दिसतात. पाण्याचा प्रश्न मिटला. भाषेचा मिटलेला नाही. गावाहून आलेली आपली आई ‘पोटात कळ येते’ म्हणते, आणि ऐकणारा ‘कल’ समजून उद्या काय आहे ते विचारतो! अशा वेळी खाटेपाशी दुभाष्या म्हणून उभे राहणे हे परप्रांतीच्या मराठी माणसाचे न नेमलेले कामच होऊन बसते.

लखनौच्या डफरिन इस्पितळास आता वीरांगना अवंतीबाई महिला चिकित्सालय असे नाव आहे. एका राणीच्या निरोपातून जन्मलेल्या फंडाच्या नावाच्या जागी रामगडच्या दुसऱ्या राणीचे नाव आले, हा योगायोग आम्हांस गोड वाटतो. रिक्षावाल्यास मात्र अजूनही ‘डफरिन’ असेच सांगावे लागते.