लकी बांबूचं कूळ आणि त्याची निगा

चऱ्होली बुद्रुक १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं आणि इंद्रायणीकाठच्या शेतांशेजारी गृहसंकुलं उभी राहू लागली. अशा नव्या घरांच्या वास्तुशांतीला काचेच्या भांड्यातला, लाल रिबिनीने बांधलेला लकी बांबू आता नेहमीची भेट झाला आहे. बांबू म्हणजे चिवट, तो नुसत्या पाण्यावर जगतो, त्याला काही लागत नाही, हा समजही भेटीबरोबरच घरात येतो. हा समज चुकीचा आहे. या रोपाचं कूळ पाहिलं की त्याची निगा कशी राखायची तेही समजतं, आणि ती टाळणं शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही का भोवतं तेही.

आपला वेळू, मेस, माणगा हे सगळे गवताच्या कुळातले, ऊस-ज्वारी-दूर्वांचे भाऊबंद. लकी बांबू म्हणजे ड्रॅसिना सँडेरियाना, आणि तो शतावरीच्या कुळातला. वेळूच्या पेरात आडवा पडदा असतो आणि पेराशी फांदी फुटते. लकी बांबूवरची वलयं म्हणजे गळून गेलेल्या पानांच्या खुणा. कांडी चिरली तर आत ओलसर गर दिसतो. त्याचं मूळ घर मध्य आफ्रिकेत, कॅमेरूनच्या बाजूला, उंच झाडांच्या सावलीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो युरोपातल्या बागांत पोहोचला आणि इंग्लंडमधल्या सेंट ऑल्बन्सचे प्रसिद्ध ऑर्किड-व्यापारी फ्रेडरिक सँडर यांचं नाव त्याला मिळालं. पुढे चीन आणि तैवानमधल्या रोपवाटिकांनी कांड्या कापून, एकाच बाजूने प्रकाश देत त्या वळवून, त्यांचे मनोरे बांधून त्याचा व्यापार जगभर नेला. हजारो वर्षांची चिनी परंपरा म्हणून जे सांगितलं जातं ते या रोपाचं असू शकत नाही. तिथे जुना मान आहे तो खऱ्या बांबूला. आपल्याकडेही गुढीला वेळूची काठी आणि लग्नकार्यात वेळूचं सूप लागतं. अशा घरांत बांबू या नावाचं स्वागत झालं, यात नवल नाही.

श्रद्धेने ठेवलेल्या वस्तूचं कूळ कशाला काढायचं, असं कुणी म्हणेल. श्रद्धेला हात लावायची गरजच नाही. पण रोप जगतं ते त्याच्या मूळ सवयींप्रमाणे. सावलीतल्या या झाडाची पानं थेट उन्हात करपतात, म्हणून खिडकीपासून थोडं आत, भरपूर पण गाळलेला उजेड हवा. उबदार हवेची सवय असल्याने एसीचा झोत आणि जानेवारीतली पहाटेची थंडी त्याला सोसत नाही. क्लोरीनच्या पाण्याने पानांची टोकं तपकिरी पडू शकतात. नळाचं पाणी रात्रभर ठेवून मग वापरावं. कांडी खालून पिवळी, मऊ झाली तर ती वाचत नाही. वरचा हिरवा शेंडा कापून वेगळा लावावा, त्याला मुळं फुटतात. पाण्यात तो वर्षानुवर्षं टिकल्याचे दाखले आहेत, हे खरं. पण तिथे पाणी नियमित बदललेलं असतं. मातीत तो अधिक जोमाने वाढतो.

पाण्याचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे. २००१ मध्ये चीनहून जहाजाने, पाण्यात उभे करून कॅलिफोर्नियात आलेल्या लकी बांबूंबरोबर एडिस अल्बोपिक्टस हा डेंग्यू पसरवू शकणारा डास पोहोचला, आणि अमेरिकेला अशा पाण्यातल्या आयातीवर बंदी आणावी लागली. २००५ मध्ये नेदरलँड्सच्या हरितगृहांतही तो याच वाटेने आला. एवढ्याशा भांड्याने काय होणार, हा आक्षेप इथे टिकत नाही. एडिसला थोडं स्वच्छ पाणी पुरतं. उबदार हवेत अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. अंडी पाण्याच्या रेषेजवळ भांड्याला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने तग धरतात, त्यामुळे नुसतं पाणी ओतून देणं पुरेसं नाही. दर आठवड्याला पाणी बदला, भांड्याच्या कडा आतून घासा, खडे चोळून धुवा. हे जमणार नसेल तर रोप कुंडीतल्या मातीत लावा आणि खालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. पुढच्या वास्तुशांतीला हे रोप भेट द्याल, तेव्हा सोबत एवढं सांगायलाही विसरू नका.