टाकी निर्मळ, तरच पाणी निर्मळ

धाराशिव जिल्ह्यातील पाण्याची चर्चा बहुधा 'पाणी किती मिळते' या एकाच प्रश्नाभोवती फिरते. मिळालेले पाणी घरात किती दिवस राहते आणि कशात राहते, याचा विचार तुलनेने कमी होतो. वस्तुतः पर्जन्यछायेतील या जिल्ह्यात साठवण ही जगण्याची रीतच आहे. उस्मानाबाद या नावाने २०२३ पर्यंत ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्याच्या मुख्यालयासाठी सोलापूर जिल्ह्यातील उजनी धरणातून लांब जलवाहिनीने पाणी आणावे लागते. ग्रामीण भागात विहीर, विंधनविहीर आणि टंचाईच्या काळात टँकर हे आधार असतात. पाणी रोज येईलच याची शाश्वती नसल्याने गच्चीवरील टाकी, अंगणातील हौद आणि स्वयंपाकघरातील पिंप हे प्रत्येक कुटुंबाचे छोटे जलाशय ठरतात. उगमस्थानी शुद्ध केलेले पाणी पुष्कळदा याच ठिकाणी बिघडते.

जहाजावरील शिस्त

साठवलेल्या पाण्यावर दीर्घकाळ राहण्याचा अनुभव सर्वाधिक आहे तो समुद्रावरील जहाजांना. भोवती अथांग पाणी असूनही पिण्यासाठी टाकीतील गोड्या पाण्याचाच आश्रय असतो. त्यामुळे टाकी, पंप आणि नळ्या ही एकच साखळी मानून ती नियमितपणे निर्जंतुक करण्याची शिस्त तेथे पाळली जाते. जागतिक आरोग्य संघटनेने जहाजांवरील स्वच्छतेसाठी १९६७ मध्ये मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिची सुधारित तिसरी आवृत्ती २०११ मध्ये निघाली. शेजारच्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी पोहोचविण्यात आले, तेव्हाही त्या टाकीवाघिणी आधी राजस्थानातील कोटा येथील कार्यशाळेत वाफेने स्वच्छ करण्यात आल्या होत्या. पाणी भरण्यापूर्वी पात्र शुद्ध हवे, हा नियम घरच्या टाकीलाही लागू पडतो.

क्लोरीन गाळापुढे हतबल

ब्लिचिंग पावडर, अर्थात ग्रामपंचायतीच्या भाषेतील टीसीएल, टाकीत टाकली की काम झाले, हा समज चुकीचा आहे. तळाचा गाळ, भिंतीवरील शेवाळ आणि नळ्यांच्या आतील बुळबुळीत थर क्लोरीन शोषून घेतात. जंतूंपर्यंत ते पोहोचतच नाही. म्हणून घासणे आधी आणि निर्जंतुकीकरण नंतर, हा क्रम बदलू नये.

टाकी रिकामी करून तळाचा गाळ वॉशआऊटमधून काढावा. भिंती, तळ आणि झाकणाची आतील बाजू ब्रशने घासावी. साबण किंवा धुण्याची पावडर वापरू नये. फ्लोट व्हॉल्व्ह आणि पाणी बाहेर नेणाऱ्या नळीचे तोंडही स्वच्छ करावे.

मात्रा आणि वेळ

ताज्या ब्लिचिंग पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते. डबा उघडा राहिल्यास किंवा उन्हात ठेवल्यास हे प्रमाण झपाट्याने घटते. रिकामी टाकी निर्जंतुक करण्यासाठी लिटरमागे ५० मिलिग्रॅम क्लोरीन लागते. त्यानुसार १००० लिटरच्या टाकीला ताजी पावडर १५० ग्रॅम, तर २५ टक्क्यांवर उतरलेली पावडर २०० ग्रॅम घ्यावी. प्लॅस्टिकच्या बादलीत पावडर कालवून चुना तळाशी बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी टाकीत ओतून टाकी भरावी. त्यानंतर घरातील प्रत्येक तोटी, शॉवर आणि फ्लश क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडावा व मग बंद करावा. असे न केल्यास टाकी शुद्ध आणि नळ्या मात्र दूषित राहतात. हे पाणी २४ तास तसेच ठेवून मग काढून टाकावे. जलशुद्धीकरण यंत्राची जोडणी या काळात बंद ठेवावी, अन्यथा त्यातील पडदा खराब होतो.

परंतु आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या घरात १००० लिटर पाणी ओतून देणार कोण? येथेच आपल्या जिल्ह्याला साजेशी वाट शोधावी लागते. पाणी सुटण्याच्या दोन दिवस आधी, टाकी तळाला गेलेली असताना हे काम हाती घ्यावे. १० लिटर पाण्यात ८ ग्रॅम पावडर कालवून त्या द्रावणाने घासलेल्या भिंती व तळ पूर्ण भिजवावेत आणि अर्धा तास ओले ठेवावेत. नळ्यांसाठी फार पाणी लागत नाही. अर्ध्या इंची नळीच्या एका मीटरमध्ये दोनशे मिलिलिटरपेक्षा कमी पाणी मावते. त्यामुळे टाकीत १०० लिटर पाणी घेऊन त्यात २० ग्रॅम पावडरीचे निवळ मिसळावे, सर्व तोट्यांपर्यंत खेळवावे आणि २४ तास नळ्यांमध्ये राहू द्यावे. वापरून झालेले हे पाणी शौचालय किंवा फरशी धुण्यास उपयोगी पडते. जनावरांना पाजू नये, झाडांना घालू नये आणि विहिरीजवळ सोडू नये.

नंतरची दक्षता

पाणी सुटल्यावर सुरुवातीचे गढूळ पाणी टाकीत घेऊ नये. पुरवठा बंद असताना जलवाहिनीतील दाब नाहीसा होतो आणि गळतीच्या जागेतून सांडपाणी आत ओढले जाते. नव्याने भरलेल्या स्वच्छ पाण्याच्या दर १००० लिटरला सुमारे २.५ ग्रॅम ताजी पावडर पुरेशी होते. त्यानंतर किमान एक तास पाणी वापरू नये. भारतीय मानकानुसार नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावे. गावातील जलसुरक्षक ओटी चाचणी करतात, तेव्हा पाण्याला येणारा पिवळा रंग याच शिल्लक क्लोरीनची खूण असतो. ही चाचणी केवळ जलकुंभापाशी न थांबता गावाच्या शेवटच्या नळावर आणि घरातील टाकीच्या पाण्यावरही व्हावी, असा आग्रह नागरिकांनी धरावयास हवा.

जिवावर बेतू नये म्हणून

बंदिस्त हौदात एकट्याने कधीही उतरू नये. आत प्राणवायू कमी असू शकतो. झाकण बराच वेळ उघडे ठेवावे, विद्युत मोटारीचा पुरवठा तोडावा आणि बाहेर एक माणूस उभा असावा. ब्लिचिंग पावडर व स्नानगृह धुण्याचे ॲसिड एकत्र आल्यास विषारी वायू निर्माण होतो. क्षारांचे डाग काढण्यासाठीही ही दोन्ही द्रव्ये एकाच वेळी वापरू नयेत. हातमोजे आणि नाकातोंडावर कापड आवश्यक आहे.

गॅस्ट्रो आणि कावीळ यांच्या साथी बहुधा पहिल्या पावसासोबत येतात. म्हणून मे महिन्याच्या अखेरीस एकदा आणि पावसाळा सरल्यावर दुसऱ्यांदा ही शुद्धी करावी. टँकरचे पाणी भरावे लागल्यास ऋतूची वाट पाहू नये. घट्ट झाकण, ओव्हरफ्लो नळीच्या तोंडाशी बारीक जाळी आणि आठवड्यातील एक कोरडा दिवस एवढे पथ्य पाळले, तर डासांच्या अळ्यांनाही टाकीत थारा मिळत नाही. मोठ्या कष्टाने मिळालेले पाणी टाकीतच वाया जाऊ न देणे, हीदेखील जलसंधारणाचीच एक पायरी आहे.