अर्धे घर : गोव्यातील एका जुन्या कायद्याविषयी

‘अर्धांगी’ हा शब्द मराठी साहित्याने फार उदारपणे वापरला. परंतु त्यातल्या अर्ध्याला कायद्याचा आधार मिळाला तो गोव्यात, आणि तोही परकीय राजवटीत. पोर्तुगालची १८६७ची नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक होते, अगदी लग्नाआधीची आणि वारशाने आलेलीसुद्धा. दोघांचाही तीत निम्मा वाटा. पत्नीच्या संमतीवाचून पतीला घर विकता येत नाही.

गोवा १९६१ मध्ये मुक्त झाला. १९६२च्या कायद्याने जुने कायदे तूर्त चालू ठेवले. पुढे पोर्तुगालनेच नवी संहिता स्वीकारली व १९६७ पासून संपूर्ण सामाईकीचा हा नियम तिथे आपोआप लागू होईनासा झाला. माहेरी मोडलेला नियम सासरी नांदत राहिला, असे म्हणायचा मोह आम्हांला आवरत नाही.

मात्र विभक्त होण्याच्या वेळी हा अर्धा वाटा हाती कसा येतो? मालमत्तेची यादी होते, मूल्यांकन होते. शेतजमीन विभागता येते. माजघर, देवघर आणि तुळशीवृंदावन कसे विभागणार? अशा वेळी वाटेकऱ्यांतच बोली लागते. चढी बोली लावील त्याचे घर, दुसऱ्याला पैसे. आमचे मन अडते ते इथे. त्याच संहितेने मालमत्तेचा कारभार पतीकडे सोपवला होता. वीस-तीस वर्षे ज्याच्या हाती हिशेब, बोलीच्या दिवशी रोकड बहुधा त्याच्याच हाती असणार. शिवाय घर भावाभावांत अविभक्त असेल, तर पत्नीला मिळतो तो पतीच्या हिश्शाचा निम्मा. एवढ्यात एक खोलीही बसेलच असे नाही.

उर्वरित भारतात अडचण उलटी. तिथे घर मुख्यत्वे कागदावर नाव असेल त्याचे. २००५च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने स्त्रीला सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला, मालकी नाही. सासूच्या नावावरचे घर ‘सामायिक’ नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये बात्रा खटल्यात ठरवले. तो अर्थ २०२० मध्ये त्याच न्यायालयाने रद्द केला. म्हणजे एकीकडे निवाऱ्यावाचून मालकी, दुसरीकडे मालकीवाचून निवारा.

गोव्याने २०१२ मध्ये वारसा आणि वाटणीचा नवा कायदा केला. तो २०१६च्या अखेरीस अमलात आला. बोलीची तरतूद त्यातही आहे.